दुर्बिणीद्वारे गुदाशयाची शस्त्रक्रिया: गुंतागुंतीचा धोका कशामुळे वाढतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६४ वर्षे, मधुमेह बारा वर्षांपासूनचा, आणि गुदद्वारापासून ५ सेंटिमीटरवर गुदाशयाचा कर्करोग. रेडिएशन आणि केमोथेरपी पूर्ण झाली असून आता दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया ठरली आहे, आणि त्यासोबत काही महिने पोटावर तात्पुरता स्टोमा, म्हणजे मळ पिशवीत बाहेर पडावा म्हणून पोटावर काढलेले आतड्याचे तोंड, ठेवावा लागेल असे सर्जनांनी सांगितले आहे. कुटुंबाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: गुंतागुंतीचा धोका कोणत्या कारणांनी वाढतो, रोबोट वापरला तर तो कमी होतो का, आणि छिद्रे इतकी लहान असताना स्टोमाची गरज का पडावी.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यामागे एक गैरसमज आहे आणि तो दूर झाल्याशिवाय बाकीची उत्तरे नीट समजणार नाहीत. पोटावरची जखम लहान झाली म्हणून पोटातले काम लहान होत नाही. दुर्बिणीने करा, रोबोटने करा किंवा पोट उघडून करा, गुदाशय आणि त्याच्याभोवतीचे चरबीचे आवरण, ज्याला आम्ही मेसोरेक्टम म्हणतो, ते अखंड काढायचे असते. १९८२ मध्ये बिल हील्ड यांनी हे आवरण अखंड काढण्याचे महत्त्व दाखवून दिले, आणि तेव्हापासून हाच या शस्त्रक्रियेचा गाभा आहे. त्यानंतर वरचे आतडे खाली आणून उरलेल्या बुंध्याला जोडायचे असते. लहान छिद्रांचे फायदे खरे आहेत: रक्तस्राव कमी, दुखणे कमी, जखमेचा संसर्ग आणि पुढे होणारा हर्निया कमी, रुग्ण लवकर चालता होतो. पण हे सारे फायदे पोटाच्या भिंतीचे आहेत. आतला जोड भरून येणे न येणे हे जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्याच गोष्टींवर अवलंबून असते.

यासाठी एक पुरावा देतो. कलर-२ या मोठ्या युरोपीय अभ्यासात, ज्याचे पहिले निष्कर्ष २०१३ मध्ये आले, एक हजारांहून अधिक रुग्णांची दुर्बिणीची आणि उघडी शस्त्रक्रिया अशी तुलना केली गेली. दुर्बिणीच्या गटात रक्तस्राव निम्मा होता, सुमारे २०० मिलिलिटर विरुद्ध ४०० मिलिलिटर, आणि रुग्ण एक दिवस आधी घरी गेले. मात्र गुंतागुंतीचे एकूण प्रमाण ४० टक्के विरुद्ध ३७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले, आणि जोडातून गळती दुर्बिणीच्या गटात १३ टक्के तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १० टक्के होती. ४० टक्के हा आकडा वाचून घाबरून जाऊ नये. त्यात लघवी अडकण्यापासून जखमेतून थोडा स्राव येण्यापर्यंत सगळे मोजलेले आहे. गुंतागुंत किती गंभीर आहे हे ठरवण्यासाठी आम्ही २००४ पासून क्लाव्हियन-डिंडो ही श्रेणी वापरतो, आणि सर्जनांशी बोलताना नेमके हेच विचारायला हवे की, पुन्हा शस्त्रक्रिया किंवा अतिदक्षता विभाग लागेल अशी गुंतागुंत होण्याची शक्यता किती.

या शस्त्रक्रियेनंतरची सर्वांत महत्त्वाची गुंतागुंत म्हणजे जोड गळणे. आतड्यातील मळ आणि जंतू जोडाच्या फटीतून ओटीपोटात उतरतात, तिथे पू साठतो, आणि वेळीच ओळखले नाही तर जंतुदोष साऱ्या शरीरात पसरतो. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तिच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीत काही उपचार लागत नाहीत. दुसरीत अँटिबायोटिक किंवा त्वचेतून नळी घालून पू काढावा लागतो. तिसरीत पुन्हा पोटात शिरावे लागते. शिवाय प्रत्येक गळती पहिल्या आठवड्यातच दिसते असे नाही. नेदरलँड्समधील ७१ रुग्णालयांच्या एका पाहणीत पहिल्या ३० दिवसांत सुमारे १३ टक्के रुग्णांत गळती आढळली, पण पुढचा काळ धरल्यावर तो आकडा २० टक्क्यांवर गेला. म्हणजे एक तृतीयांश गळती महिना उलटल्यानंतर कळली. त्यामुळे ‘महिनाभर काही झाले नाही, आता सुटलो’ असे समजणे मला घाईचे वाटते.

आता धोका वाढवणाऱ्या कारणांकडे येतो. एकच कारण निवडायचे झाले तर मी जोडाची उंची निवडेन. जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका धोका जास्त. गुदाशयाच्या वरच्या भागातील जोड आणि ५ सेंटिमीटरच्या आतला जोड या जणू दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. खाली गेल्यावर बुंध्याचा रक्तपुरवठा कमी असतो, भोवती पोटातल्यासारखे आतड्यांचे आणि पडद्यांचे संरक्षण नसते, आणि मेसोरेक्टम काढल्यानंतर तिथे एक पोकळी उरते, तिच्यात द्रव साठतो. शिवाय गुदद्वाराचा स्नायू घट्ट असल्यामुळे आतड्यातला दाब थेट जोडावर येतो. आपल्या वडिलांची गाठ ५ सेंटिमीटरवर आहे, त्यामुळे जोड त्याहूनही खाली येईल. स्टोमाचा सल्ला मुख्यतः या एका गोष्टीमुळे दिला गेला असेल.

दुसरे कारण म्हणजे पुरुष असणे. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पुरुषांच्या ओटीपोटाचा हाडांचा पिंजरा अरुंद आणि खोल असतो, समोर प्रोस्टेट ग्रंथी असते, आणि त्या बोळकांडीत सरळ उपकरणे फिरवायची असतात. आतडे कापून त्याची टोके बारीक पिनांनी मिटवण्यासाठी वापरला जाणारा दुर्बिणीचा स्टेपलर तिथे हवा तसा वळत नाही, आणि एका दमात आडवे कापण्याऐवजी दोनदा, तीनदा तो चालवावा लागतो. जितक्या वेळा स्टेपलर चालतो तितके टाक्यांच्या रेषा एकमेकींना छेदणारे कच्चे कोपरे तयार होतात, आणि तीन किंवा अधिक वेळा स्टेपलर चालवावा लागलेल्या रुग्णांत गळती जास्त आढळते. उघड्या शस्त्रक्रियेत वेगळा स्टेपलर काटकोनात बसवता येतो, त्यामुळे इथे दुर्बिणीची पद्धत खरोखर कमी पडते. हे आम्ही सर्जन एकमेकांत मोकळेपणाने बोलतो, रुग्णाला मात्र क्वचितच सांगतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या एमआरआयमध्ये गाठीबरोबरच पिंजऱ्याची रुंदीही दिसते, आणि अनुभवी सर्जन ती पाहूनच काम किती अवघड जाणार याचा अंदाज बांधतो.

लठ्ठपणाचा विचार याच्या जोडीने करायला हवा. केवळ वजन किंवा बीएमआय पाहून पुरते कळत नाही. काही माणसे बाहेरून बेताचीच दिसतात, पण आतड्याच्या पडद्यात आणि मेसोरेक्टममध्ये चरबी खूप असते, आणि नेमकी तीच चरबी अरुंद जागेत दृष्टी अडवते आणि रक्तवाहिन्या दिसू देत नाही, शिवाय तिच्यामुळे खाली ओढून आणताना आतडे आखूड पडते. अरुंद पिंजरा, भरपूर आतली चरबी आणि खाली असलेली गाठ हे त्रिकूट एकत्र आले की दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच पोट उघडून पूर्ण करावी लागण्याची शक्यता वाढते. ब्रिटनमधील क्लासिक या सुरुवातीच्या अभ्यासात गुदाशयाच्या तब्बल ३४ टक्के रुग्णांत असे करावे लागले होते, आणि त्या रुग्णांत गुंतागुंतही अधिक होती. कलर-२ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र पद्धत बदलणे म्हणजे सर्जनचे अपयश असे मानू नये. दिसत नसताना हट्टाने पुढे जाण्यापेक्षा वेळेत पोट उघडणे कधीही बरे. नुकसान होते ते बहुधा तासन्‌तास झगडून, रक्तस्राव झाल्यावर, नाइलाजाने निर्णय घेतला तर.

जोड भरून येण्यासाठी दोन गोष्टी अटळ आहेत: दोन्ही टोकांना पुरेसे रक्त आणि जोडावर ताण नसणे. गुदाशय काढताना मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाची मुख्य धमनी बांधली जाते, त्यामुळे खाली आणलेले आतडे कडेने धावणाऱ्या एका बारीक धमनीवर जगते. ही कडेची धमनी सर्वांत सारखी नसते. ज्यांना हृदयविकार आहे, पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, ज्यांनी वर्षानुवर्षे धूम्रपान केले आहे, त्यांच्यात तिच्यावर विसंबताना मन धास्तावते. ताण टाळण्यासाठी प्लीहेजवळचा आतड्याचा वाकडा भाग सोडवून घ्यावा लागतो, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तासभर वेळ वाचवण्यासाठी हीच पायरी गाळण्याचा मोह होतो. खालच्या जोडासाठी हा मोह मला परवडणारा वाटत नाही. रक्तपुरवठा पाहण्यासाठी आता इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून देऊन विशेष कॅमेऱ्याने आतडे चमकते का ते पाहतात. त्याचे निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत: जपानमधील एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात गळती ११.८ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आली, तर अमेरिकेतील पिलर-३ या अभ्यासात ९.६ आणि ९ टक्के असा नगण्य फरक दिसला. सुविधा असेल तर मी ती वापरतो, पण ती नाही म्हणून रुग्णालय बदलावे असे सुचवणार नाही.

रेडिएशनबद्दल बरीच भीती असते, आणि ती काही अंशीच खरी आहे. रेडिएशनमुळे ऊतींमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान होते, आवरणांमधले थर चिकटतात, आणि जखम भरण्याचा वेग मंदावतो. ज्या रुग्णांचे गुदद्वारही काढावे लागते त्यांच्या बैठकीकडील जखमेवर याचा परिणाम स्पष्ट दिसतो: नेदरलँड्समधील प्रसिद्ध अभ्यासात अल्पकालीन रेडिएशन घेतलेल्यांत त्या जखमेची गुंतागुंत २९ टक्के, तर न घेतलेल्यांत १८ टक्के होती. जोडाच्या गळतीबाबत मात्र त्याच अभ्यासात असा फरक आढळला नाही; इतर पाहण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. त्यामुळे रेडिएशन झालेल्या रुग्णात आम्ही गळतीची शक्यता वाढलेली गृहीत धरून वागतो, पण कर्करोग परत येऊ नये यासाठी ते आवश्यक असेल तर या भीतीपोटी टाळत नाही. रेडिएशनचा खरा आणि दीर्घकाळ टिकणारा परिणाम शौचाच्या नियंत्रणावर होतो. त्याकडे पुढे येतो.

इथपर्यंतची बहुतेक कारणे रुग्णाला बदलता न येणारी होती. गाठ जिथे आहे तिथे आहे, आणि पिंजरा जसा आहे तसा आहे. कुटुंबाच्या हातात जे आहे ते आता सांगतो, आणि माझ्या मते रेडिएशन संपल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे आठवडे यासाठीच वापरले पाहिजेत. दुर्दैवाने हा काळ बहुतेक घरांत ‘विश्रांती’ म्हणून वाया जातो. रुग्ण अंथरुणावर पडून राहतो, आहार कमी होतो, स्नायू झिजतात, आणि आमच्यासमोर तीन महिन्यांपूर्वीपेक्षा अशक्त माणूस येतो.

धूम्रपान आणि तंबाखू शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद व्हायला हवे. कमी करून भागत नाही. मद्यपान जास्त असेल तर तेही. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर गळती, संसर्ग आणि मृत्यू या तिन्हींचा धोका वाढतो. मात्र अल्ब्युमिन हा केवळ आहाराचा आरसा नाही, शरीरातल्या दाहामुळेही तो उतरतो; म्हणून शिरेतून अल्ब्युमिनची बाटली चढवून आकडा सुधारणे हे स्वतःचीच फसवणूक करण्यासारखे आहे. वजन किती उतरले, जेवण किती जाते, जिना चढता येतो का, हे पाहून प्रथिनयुक्त आहार वाढवावा लागतो. रक्तक्षय असेल तर लोहाची कमतरता तपासून गरजेप्रमाणे शिरेतून लोह द्यावे, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरचे रक्त देण्याची वेळ येणे हीसुद्धा गुंतागुंतीशी जोडलेली गोष्ट आहे. मधुमेहात तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी पाहतातच, पण शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत साखर किती वर जाते हे माझ्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे असते. साखर फार चढली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर ते सर्जनांना आवर्जून सांगावे. बेव्हॅसिझुमॅब हे औषध दिले गेले असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे सहा आठवड्यांचे अंतर ठेवतात, कारण ते नव्या रक्तवाहिन्या तयार होऊ देत नाही.

या पूर्वतयारीचा उपयोग किती होतो, याचे उत्तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनात्मक अभ्यासातून मिळते. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या २५१ रुग्णांपैकी एका गटाला चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, आहार, मानसिक आधार आणि गरज असल्यास धूम्रपान सोडण्यासाठी मदत असा कार्यक्रम दिला गेला. त्या गटात गंभीर गुंतागुंत १७.१ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात २९.७ टक्के होती. दुसऱ्या कोणत्याही एका यंत्राने इतका फरक पडल्याचे मी पाहिलेले नाही. रोज अर्धा-पाऊण तास दमेल इतके चालणे, खुर्चीतून उठ-बस, श्वासाचे व्यायाम आणि प्रत्येक जेवणात प्रथिने, एवढे तर घरीही करता येते.

वय हा वेगळा मुद्दा म्हणून मी फारसा मोजत नाही. सत्तरीचा धडधाकट माणूस साठीच्या खंगलेल्या माणसापेक्षा ही शस्त्रक्रिया चांगली सोसतो. भूलतज्ज्ञ रुग्णाची जी श्रेणी ठरवतात तिच्यात तिसऱ्या किंवा वरच्या श्रेणीत असणे, हृदय किंवा फुप्फुसांचा आजार असणे, किडनी कमकुवत असणे, या गोष्टी वयापेक्षा अधिक बोलक्या आहेत. मात्र वृद्ध आणि दुर्बल रुग्णात एक वेगळा फरक असतो: गळती होण्याची शक्यता त्याच्यात थोडी कमी-जास्त असेल, पण गळती झाल्यावर ती सोसण्याची ताकद त्याच्याकडे फार कमी असते. म्हणून अशा काही रुग्णांत जोड न करता कायमचा स्टोमा ठेवणे हाच अधिक शहाणपणाचा निर्णय ठरतो.

आतडे साफ करण्याच्या औषधाबाबत मध्यंतरी मतभेद होते. मोठ्या आतड्याच्या वरच्या भागासाठी ते गरजेचे नाही असा विचार रुजत असताना फ्रान्समधील ग्रेकार-३ या अभ्यासाने केवळ गुदाशयाच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले. आतडे साफ न केलेल्यांत एकूण गुंतागुंत ४४ टक्के आणि साफ केलेल्यांत २७ टक्के निघाली. म्हणून गुदाशयासाठी आतडे साफ करणे आणि त्याबरोबर तोंडाने अँटिबायोटिक देणे ही पद्धत मला पटते. साठणारा द्रव बाहेर काढण्यासाठी ओटीपोटात नळी ठेवावी का, यावर मात्र ग्रेकार-५ ने नळीचा फायदा दाखवला नाही. तरी अनेक सर्जन सवयीने ठेवतात, आणि त्यावरून वाद घालण्यासारखे काही नाही.

आता स्टोमाकडे. स्टोमामुळे जोड जास्त चांगला भरतो असे नाही. स्टोमामुळे मळ जोडापर्यंत पोचत नाही, आणि गळती झालीच तर ती जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. स्वीडनमध्ये २३४ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टोमा असलेल्यांत त्रासदायक गळती १०.३ टक्के, तर नसलेल्यांत २८ टक्के होती. तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया ८.६ टक्के विरुद्ध २५.४ टक्के लागली. खालचा जोड, पुरुष, मधुमेह आणि रेडिएशन झालेले असताना सर्जनांनी स्टोमा सुचवला नसता तर मी उलट प्रश्न विचारला असता. स्टोमाचे स्वतःचे त्रास आहेत, हेही खरे. लहान आतड्याच्या स्टोमातून दिवसाला दीड-दोन लिटरहून अधिक पाणी जाऊ लागले तर शरीर कोरडे पडते, किडनीवर ताण येतो, आणि घरी गेलेल्या रुग्णाला पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. वडील रक्तदाबासाठी मूत्रल औषधे किंवा मधुमेहाच्या अशा गोळ्या घेत असतील की ज्यांनी लघवीवाटे पाणी व साखर जाते, तर घरी सोडताना त्यांचा फेरविचार झाला पाहिजे. रोज बाहेर जाणारे पाणी मोजून लिहून ठेवावे.

रोबोटबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण जाहिराती फार आहेत. रोबोटची उपकरणे मनगटासारखी वळतात, चित्र त्रिमितीय आणि स्थिर असते, आणि अरुंद पिंजऱ्यात हा फायदा जाणवतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोलार अभ्यासात ४७१ रुग्णांपैकी पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटने ८.१ टक्के आणि दुर्बिणीने १२.२ टक्के होते, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. २०२२ मध्ये चीनमधून आलेल्या रिअल अभ्यासात, जिथे १२४० रुग्ण होते आणि शस्त्रक्रिया करणारे सर्जन भरपूर अनुभवी होते, तिथे दखल घेण्याजोगी गुंतागुंत रोबोटच्या गटात १६.२ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात २३.१ टक्के होती. या दोन्ही अभ्यासांचा मी लावलेला अर्थ असा: ज्याचा हात रोबोटवर पूर्ण बसलेला आहे त्याच्याकडे, विशेषतः जाड आणि अरुंद पिंजऱ्याच्या पुरुषात, थोडा फायदा मिळतो, पण नवशिक्या रोबोट-सर्जनपेक्षा मुरलेला दुर्बिणीचा सर्जन केव्हाही चांगला.

तंत्र शिकण्याच्या काळाची किंमत रुग्ण मोजतात, याचे ठळक उदाहरण गुदद्वारातून वर जाऊन मेसोरेक्टम सोडवण्याच्या पद्धतीचे आहे. अरुंद पिंजऱ्याची अडचण खालून सुटेल अशी आशा होती. पण खालून काम करताना पुरुषांच्या मूत्रमार्गाला इजा होण्याचे प्रकार घडले, जे वरून करताना जवळपास ऐकिवात नव्हते. कार्बन डायऑक्साइडचा बुडबुडा शिरेत गेल्याचेही प्रसंग आले. नॉर्वेत कर्करोग वेगळ्या, विखुरलेल्या स्वरूपात परत येत असल्याचे लक्षात आल्यावर २०१८ मध्ये तिथे ही पद्धत थांबवण्यात आली. या पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत १५९४ रुग्णांपैकी १५.७ टक्के रुग्णांत जोड कधी ना कधी अयशस्वी ठरला, आणि त्यामागची कारणे परिचितच होती: पुरुष असणे, लठ्ठपणा, धूम्रपान, मधुमेह, मोठी गाठ, अधिक रक्तस्राव, हाताने घातलेले टाके आणि खालून लागलेला दीर्घ वेळ.

वेळ लांबणे हा धोक्याचा स्वतंत्र स्रोतही आहे. डोके खाली, पाय वर आणि पोटात वायू भरलेला अशा स्थितीत रुग्ण चार-पाच तास राहिला तर पोटरीच्या स्नायूंचा रक्तपुरवठा कमी पडून पाय सुजून कडक होण्याचा दुर्मीळ पण गंभीर प्रकार घडू शकतो. खांद्याच्या आणि पायांच्या मज्जातंतूंवर दाब येतो. फुप्फुसांच्या तळाचा भाग मिटतो. पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कर्करोगामुळे आधीच जास्त असतो. पोटाच्या कर्करोग-शस्त्रक्रियेनंतर हेपारिनच्या गटातील इंजेक्शन एक आठवड्याऐवजी चार आठवडे दिल्यास अशा गाठी १२ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आल्याचे २००२ मधील अभ्यासात दिसले होते. त्यामुळे घरी गेल्यावरही इंजेक्शन चालू ठेवायला सांगितले तर ती अनावश्यक काळजी समजून बंद करू नयेत.

लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणारे मज्जातंतू मेसोरेक्टमच्या अगदी लगत धावतात. गाठ खाली आणि पुढच्या बाजूला असेल, रेडिएशनने थर चिकटले असतील, किंवा प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल, तर कॅथेटर काढल्यावर लघवी अडकण्याची शक्यता वाढते. ती बहुतेकांत काही आठवड्यांत पूर्ववत होते. लैंगिक क्षमतेवरचा परिणाम मात्र कायमचा असू शकतो, आणि त्याबद्दल शस्त्रक्रियेआधी बोलणे व्हायला हवे. वडील मुलांसमोर हा विषय काढणार नाहीत, म्हणून त्यांना सर्जनांशी एकट्याने बोलू द्यावे.

धोका ओळखून सगळी काळजी घेतली तरी काही रुग्णांत गळती होणारच, आणि तेव्हा निकाल ठरतो तो निदान किती लवकर झाले यावर. पहिली खूण बहुधा ताप किंवा पोटदुखी नसते. नाडी १०० च्या वर राहणे, श्वास जलद होणे, बरा होत असलेला माणूस अचानक गप्प किंवा गोंधळलेला होणे, पोट फुगून उलट्या सुरू होणे, खाली ओटीपोटात जडपणा वाटून सतत शौचाची भावना होणे, यांना मी जास्त महत्त्व देतो. सीआरपी ही शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी इथे फार उपयोगी पडते: तिसऱ्या दिवशी १७२, चौथ्या दिवशी १२४ आणि पाचव्या दिवशी १४४ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असेल तर गळती नसण्याची खात्री सुमारे ९७ टक्के धरता येते. आकडा वर असला म्हणजे गळती आहेच असे नाही, पण मग सिटी स्कॅन करायला वेळ लावू नये. स्कॅन स्वच्छ आला आणि रुग्ण तरीही बरा दिसत नसेल तर मी रुग्णावर विश्वास ठेवतो, स्कॅनवर नाही.

शौचाच्या नियंत्रणाबद्दल दोन शब्द, कारण त्याची पूर्वकल्पना फार कमी जणांना दिली जाते. गुदाशय हा मळ साठवणारा भाग होता; तो गेल्यावर वारंवार, थोडे-थोडे, घाईने शौचास जावे लागते आणि कधी नियंत्रण सुटते. जोड खाली असणे, रेडिएशन झालेले असणे आणि गळती होऊन गेलेली असणे, या तिन्हींमुळे हा त्रास वाढतो. स्टोमा बंद केल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत कठीण जातात आणि साधारण वर्ष-दीड वर्षांत स्थिती जितकी सुधारायची तितकी सुधारते. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि गरज पडल्यास गुदद्वारातून पाण्याने आतडे धुण्याची पद्धत यांचा चांगला उपयोग होतो.

आपल्या वडिलांच्या बाबतीत तीन कारणे कोणाच्याच हातात नाहीत: पुरुष असणे, गाठ खाली असणे आणि रेडिएशन झालेले असणे. मधुमेह काही अंशी हातात आहे, अशक्तपणा आणि धूम्रपान असल्यास ती पूर्णपणे. सर्जनांना भेटाल तेव्हा पुढील गोष्टी विचाराव्यात असे मी सुचवेन: दरवर्षी आपण गुदाशयाच्या किती शस्त्रक्रिया करता आणि त्यांपैकी या पद्धतीने किती, एमआरआयमध्ये पिंजरा आणि आतली चरबी पाहता काम किती अवघड दिसते, कोणत्या परिस्थितीत पोट उघडाल आणि कोणत्या परिस्थितीत जोड न करण्याचा निर्णय घ्याल, शस्त्रक्रियेनंतर सीआरपी कोणत्या दिवशी तपासली जाईल, आणि रात्री-अपरात्री प्रकृती बिघडली तर स्कॅन करून पुन्हा शस्त्रक्रिया करणारी मंडळी तिथे हजर असतील का. हे प्रश्न विचारल्याने कोणताही जाणता सर्जन दुखावणार नाही. उलट तो खुर्ची पुढे ओढून एमआरआय दाखवू लागेल.

आणि स्टोमा बंद करण्याची तारीख ठरेल तेव्हा त्याआधी गुदद्वारातून बोटाने आणि दुर्बिणीने जोड तपासला गेला आहे, आणि गुदद्वारातून एक्स-रेत दिसणारे द्रव औषध आत सोडून काढलेल्या एक्स-रे फोटोत किंवा स्कॅनमध्ये कुठे बारीक फट उरलेली नाही, याची खात्री करून घ्यावी. वर ज्या उशिरा कळणाऱ्या गळतीचा उल्लेख केला, तिच्यातली काही याच टप्प्यावर, कोणताही त्रास होत नसताना सापडते, आणि तेव्हा स्टोमा आणखी काही महिने ठेवावा लागला तरी कुरकुर न करता ठेवावा.